अर्ध्या सेंटची रेल्वे



साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत विक्रीकर हा विषय पाहून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. ती मला मान्य आहे. पण ज्या कागदाबद्दल मी बोलणार आहे तो माझ्या मते वाङ्मयाच्या हद्दीपासून फार लांब नाही. तो कागद म्हणजे मतपत्रिका आणि तिच्यावर छापलेला एक परिच्छेद. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी गेल्या काही दशकांत असे परिच्छेद वाचून चार वेळा होकार दिला. १९८०, १९९०, २००८ आणि २०१६. दर वेळी होकाराचा अर्थ एकच होता : आम्ही खरेदी करू तेव्हा डॉलरमागे अर्धा सेंट जास्त देऊ आणि तुम्ही त्यातून बस, रेल्वे, रस्ते चालवा, वाढवा. चार अर्ध्यांचे आज दोन सेंट झाले आहेत.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, आत ८८ स्वतंत्र शहरे, त्यांतले सर्वांत मोठे लॉस एंजेलिस. अर्धा सेंट म्हणजे किती? शंभर डॉलरच्या खरेदीवर पन्नास सेंट. तिकडे आपल्यासारखी सर्व करांसह छापील किंमत नसते. फळीवरच्या चिठ्ठीवर एक आकडा असतो आणि गल्ल्यावर कर मिळवून दुसरा होतो. त्यामुळे माणसाला कर रोज दिसतो, रोज थोडा टोचतो. कॅलिफोर्नियात घरी शिजवायच्या बहुतेक अन्नपदार्थांवर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर हा कर नाही. पण कपडे, भांडी, मुलांचे बूट, मोटारी या सगळ्यांवर आहे.

आता पहिला प्रश्न तुमच्या मनात येईल तो असा की रेल्वेसाठी विक्रीकरच का? जमिनीवर का नाही? रेल्वे जवळ आली की किंमत जमिनीची वाढते, बुटांची नाही. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि लॉस एंजेलिसला त्याचे उत्तर एकेकाळी माहीत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री हंटिंग्टन या उद्योगपतीने तिथे पॅसिफिक इलेक्ट्रिक नावाचे विजेच्या गाड्यांचे प्रचंड जाळे उभे केले. त्या लाल गाड्या तिकिटावर फारशा कमावत नव्हत्या. गाडी जिथे जाणार तिथली जमीन आधी घ्यायची आणि मग घरांसाठी विकायची, हा खरा धंदा होता. जमिनी विकून संपल्या, मोटारी आल्या, गाड्या तोट्यात गेल्या. लाँग बीचची शेवटची लाल गाडी १९६१ साली बंद पडली.

पुढे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३ मंजूर केले. मालमत्ता कराचा सर्वसाधारण दर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि ते मूल्यही घर विकले जाईपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचे नाही असे ठरले. जमिनीचे दार असे बंद झाले. आयकर केंद्राचा आणि राज्याचा. स्थानिक मंडळींच्या हाती उरला तो विक्रीकर. तो उत्तम म्हणून कोणी निवडला नाही. घरात एकच भांडे उरले की त्यातच आमटी करावी लागते, तसा तो निवडला गेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'अमेरिकेत विक्रीकरातून मेट्रो होते, आपणही करू या' असे उत्साहाने म्हणणाऱ्यांना ही पार्श्वभूमी ठाऊक नसते.

लोक लगेच हो म्हणाले असेही नाही. १९६८, १९७४ आणि १९७६ अशा तीन वेळा त्यांनी वाहतुकीचे प्रस्ताव फेटाळले. १९८० मध्ये काउंटीचे एक सुपरवायझर केनेथ हान यांनी चौथा प्रस्ताव आणला तेव्हा त्यांनी मजकुरात एक गोष्ट घातली जी रेल्वेप्रेमी अभियंत्यांना सुचली नव्हती : बसचे तिकीट कमी करू. तीन वर्षे ५० सेंट. रेल्वे कधी होईल ती होईल. बस उद्या सकाळी स्वस्त होईल. प्रस्तावाला सुमारे ५४ टक्के मते मिळाली. प्रकरण न्यायालयात गेले, १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कर वैध ठरवला आणि तिकीट खरोखरच खाली आले.

या तीन वर्षांकडे माझे मन पुन्हा पुन्हा जाते. नवा रूळ नाही, नवे स्थानक नाही, फीत कापायला काही नाही. तरीही बसमध्ये माणसे मावेनात इतके प्रवासी वाढले. ज्या शहराबद्दल सगळे जग म्हणत होते की इथला माणूस मोटारीतून उतरणारच नाही, तिथे हे घडले. आणि १९८५ मध्ये मुदत संपताच तिकीट ८५ सेंट झाले. का? तर त्याच प्रस्तावात असेही लिहिले होते की पुढे उत्पन्नातला ३५ टक्के भाग रेल्वेच्या बांधकामाला जाईल. दोन्ही वचने एकाच कागदावर होती. एकाला मुदत होती, दुसऱ्याला नव्हती.

त्या पैशातून १९९० मध्ये पहिली गाडी धावली ती लाँग बीचलाच, लाल गाडीच्याच जुन्या वाटेने. एकोणतीस वर्षांनी. वाचताना आनंद होतो आणि थोडे हसूही येते.

मंडळी, आता या गोष्टीतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. विक्रीकर कोण देतो? सगळे देतात, पण ज्याची मिळकत कमी त्याची जवळजवळ सगळीच मिळकत महिनाभरात दुकानात जाते, त्यामुळे मिळकतीच्या प्रमाणात त्याच्यावर भार जास्त. बसमध्ये कोण बसते? बहुतांशी तोच माणूस. कपडे शिवणारी, हॉटेलात फरशी पुसणारी, दुसऱ्याची मुले सांभाळायला दोन बस बदलून जाणारी बाई. कर तिचा, प्रवास तिचा, पण नवी रेल्वे मात्र पुष्कळदा त्या उपनगराकडे जाणारी, जिथल्या मतदाराला मोटारीतून बाहेर काढायचे स्वप्न पुढाऱ्यांना पडले आहे. मतपत्रिकेचे हे अंगभूत दुखणे आहे. जी बाई आधीच बसमध्ये बसली आहे तिचे मत मिळवायला नवे काही लिहावे लागत नाही. जो बसलेला नाही त्याच्यासाठी नवी रेघ काढून दाखवावी लागते.

१९९४ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने तिकीट १.१० डॉलरवरून १.३५ डॉलर करायचे आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचा ठराव केला. त्याच सुमारास पासाडेनाच्या रेल्वेसाठी कोट्यवधी डॉलर मंजूर झाले. तेव्हा बसच्या प्रवाशांनी संघटना केली. बस रायडर्स युनियन हे तिचे नाव. बसमध्ये चढून, प्रवाशांशी बोलून उभी केलेली ही संघटना होती. ती नागरी हक्कांच्या कायद्याखाली न्यायालयात गेली. १९९६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला : पास ४२ डॉलरवर राहील, आणि गर्दीच्या वेळी बसमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसांची सरासरी टप्प्याटप्प्याने पंधरावरून आठावर आणली जाईल. दहा वर्षे तो हुकूमनामा प्राधिकरणाच्या मानेवर होता आणि त्याच्यापायी पुष्कळ नव्या बस घ्याव्या लागल्या. एका मोठ्या शहरात 'उभे किती जण' हा न्यायालयाच्या देखरेखीचा विषय झाला. आपल्याकडे सिटी बसच्या दारात लोंबकळणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो. १९९० चा दुसरा अर्धा सेंट निम्म्याहून किंचित जास्त मतांनी, जेमतेम ५०.४ टक्क्यांनी, मंजूर झाला. मग भुयाराच्या बांधकामाची बदनामी झाली. १९९५ मध्ये हॉलिवूड बुलेव्हार्डचा एक तुकडा खाली खचला. १९९८ मध्ये मतदारांनीच ठरवून टाकले की पहिल्या दोन करांचा पैसा नव्या भुयारी मार्गाला वापरायचा नाही. ज्याने पैसे दिले त्याने हात आखडला, यात गैर काही नाही. दरम्यान १९९५ च्याच एका निकालाने असे पक्के झाले की विशिष्ट कामासाठीच्या स्थानिक कराला दोन तृतीयांश मते लागतील.

दोन तृतीयांश हे प्रकरण मोठे गमतीचे आहे. १९९० मध्ये ५०.४ टक्के पुरले. २०१२ मध्ये ६६.१ टक्के मतदार हो म्हणाले आणि प्रस्ताव पडला! मधल्या २००८ च्या प्रस्तावाला मात्र ६७ टक्क्यांहून थोडी जास्त मते पडली होती आणि तो तरला. ही अट लोकशाहीला धरून आहे की नाही यावर वाद घाला, पण तिने मतपत्रिकेचा मजकूर बदलला हे निश्चित. निम्मी मते हवी असतील तर आपल्या माणसांशी बोलून भागते. तीनांतले दोघे हवे असतील तर सर्वांना काही ना काही द्यावे लागते. म्हणून २००८ च्या 'मेजर आर' ची वाटणी पाहा : नव्या रेल्वेला ३५ टक्के, बस चालवायला २०, महामार्गांना २०, शहरांना त्यांच्या स्थानिक कामांसाठी १५, रेल्वे चालवायला ५, उपनगरी रेल्वेला ३, जुन्या रेल्वेच्या सुधारणेला २. लग्नाच्या पंगतीत प्रत्येक सोयऱ्याच्या पानात एक तरी गोड पदार्थ पडलाच पाहिजे, तसे हे ताट आहे. महामार्गाचा पाचवा हिस्सा पाहून शुद्धतावादी नाक मुरडतात. पण बस चालवण्याचा पाचवा हिस्सा आता कायद्यात लिहिलेला आहे, हेही पाहा. हान यांच्या तीन वर्षांच्या वचनापेक्षा हे जास्त टिकाऊ आहे, आणि ते कागदावर येण्यामागे नव्वदच्या दशकातला तो झगडा आहे असे मला वाटते.

'मेजर आर' तीस वर्षांसाठी होता आणि त्यातून सुमारे चाळीस अब्ज डॉलर मिळतील असा अंदाज होता. तेव्हाचे महापौर अँटोनिओ व्हिलारायगोसा यांनी नंतर कल्पना मांडली की तीस वर्षांच्या कराच्या तारणावर आज कर्ज काढू आणि कामे दहा वर्षांत करू. २०१६ च्या 'मेजर एम' ला ७१ टक्के मते पडली. त्याला मुदतच नाही. मतदार रद्द करतील तेव्हाच तो संपेल, आणि २०३९ मध्ये जुना कर संपला की त्याचा अर्धा सेंटही हाच उचलणार. म्हणजे आज पंचवीस वर्षांच्या असलेल्या माणसाने न दिलेल्या मताचा कर तो म्हातारपणी भरणार आहे. पैशाच्या हिशेबाला हे बरे. पण तीस वर्षांनी लोकांसमोर येऊन 'आम्ही काय केले' हे सांगायची जी पाळी येणार होती ती गेली. मला हे रुचत नाही.

आणि विक्रीकरावर बांधलेले वचन किती डळमळीत असते ते पाहायचे तर डेन्व्हरला जावे. तिथे २००४ मध्ये 'फास्टट्रॅक्स' नावाच्या योजनेसाठी ०.४ टक्के कर मंजूर झाला. अनेक दिशांना गाड्या जाणार, त्यांतली एक बोल्डर आणि लाँगमाँट या गावांकडे. २००८ ची मंदी आली, दुकानांतली खरेदी आटली, बांधकामाचा खर्च फुगला. बाकीच्या पुष्कळ गाड्या झाल्या. बोल्डरकडची गाडी २०१६ मध्ये सुरू झाली ती अर्ध्या वाटेवरही न पोहोचता, वेस्टमिन्स्टरपाशी थांबली. बोल्डरचा ग्राहक कर मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण भरतो आहे.

ॲटलांटाची गोष्ट याच्या उलटी. १९७१ मध्ये तिथे एक टक्का विक्रीकराचा प्रस्ताव आला; त्यातही बसचे तिकीट १५ सेंटवर आणायचे वचन होते. फुल्टन आणि डेकाल्ब या काउंट्या हो म्हणाल्या, क्लेटन आणि ग्विनेट नाही म्हणाल्या. नकारामागे करापेक्षा काळे आणि गोरे हा भेद मोठा होता, हे तिथे लपून राहिलेले नाही. परिणाम असा की जिथे कर थांबला तिथे गाडी थांबली. क्लेटन २०१४ मध्ये सामील झाली, त्रेचाळीस वर्षांनी. सीमेवरच्या गावात राहणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही, एका रेघेमुळे अलीकडच्याला मिळते आणि पलीकडच्याला मिळत नाही म्हणजे काय, हे वेगळे समजावायला नको.

आता आपल्या इंदूरकडे येऊ.

इथे रूळ कोणाच्या पैशाने आले? दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के, आणि खांडव्याहून इंदूरला गाडी आली. दूरदृष्टीचा निर्णय, यात शंका नाही. पण तो कोटी शेवटी रयतेच्या साऱ्यातला होता, आणि रयतेला विचारण्याची तेव्हा रीत नव्हती.

पुढे शहरांना स्वतःचा असा एक विक्रीकरासारखा कर होता : जकात, आपल्या बोलीत चुंगी. माल शहरात आला की नाक्यावर भरायची. मध्य प्रदेशात ती १९७६ मध्ये गेली आणि प्रवेश कर आला. नगरपालिकांच्या हाती राज्याकडून मिळणारी चुंगी क्षतिपूर्ती उरली. बडोद्याच्या मंडळींची जकात २००७ मध्ये गेली. मुंबईची १ जुलै २०१७ ला, जीएसटीबरोबर. जकातीसाठी अश्रू ढाळावेत असे काही नव्हते. नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा आणि तिथला व्यवहार ज्यांनी पाहिला त्यांना ती आठवणही नको असते. पण तिच्याबरोबर एक गोष्ट गेली. शहरात होणाऱ्या व्यापाराचा थेट वाटा शहराला मिळायचा, तो बंद झाला. जीएसटी केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. महापालिकेचा त्यात स्वतःच्या हक्काचा पैसाही नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कामांची अठरा कलमांची यादी दिली. तीत रस्ते आहेत, पूल आहेत, बसथांबे आहेत. बस नाही!

मग आपली मेट्रो कशी होते? २०१८ मध्ये इंदूरच्या ३१.५५ किलोमीटरच्या मार्गाला सुमारे ७,५०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. काही भाग केंद्र, काही राज्य, उरलेले कर्ज. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवरचा सहा किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. त्याच वर्षी, २०१३ पासून आयबस ज्या मार्गिकेत धावत होत्या तो बीआरटीएस उच्च न्यायालयाच्या परवानगीने काढायला घेतला. तो ठेवायचा होता की काढायचा, यावर इथे घरटी दोन मते सापडतील. मला एवढेच दिसते की आणतानाही कोणी विचारले नाही आणि काढतानाही कोणी विचारले नाही. राजवाड्याकडची मेट्रो भुयारातून न्यायची की वरून, यावर व्यापारी बोलले, पुढारी बोलले. जादा खर्च कोणाच्या खिशातून हा प्रश्न मात्र हवेतच राहिला, कारण तो खिसा कोणालाच आपला वाटत नाही.

आपल्याकडे नाव घेऊन लावलेले कर नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी दरमहा काही रुपये द्यायचे. माझ्या मते तो त्या राज्याच्या सार्वजनिक जीवनातला एक फार सुंदर करार होता. आज पुण्यातल्या कोणाही पगारदाराला त्याच्या पगारपत्रकावरची ती कपात कशासाठी सुरू झाली ते विचारून पाहा. मुंबई, पुणे, नागपूर इथे घर घेणारा मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रोसाठी म्हणून देतो. तो निदान जमिनीवर आहे, म्हणजे जिथे असायला हवा तिथे आहे. त्या एक टक्क्यातले किती रुपये रुळाला, किती डब्याला, आणि स्थानकाबाहेर येऊन उभ्या राहायच्या बसला किती, हे मात्र त्याच्या खरेदीखताच्या कुठल्याच पानावर छापलेले नसते.

उद्या इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मेट्रोसाठी असाच एखादा उपकर आला, आणि तो येईल असे मला वाटते, तर तो नको म्हणणाऱ्यांत मी नसेन. मी त्याचा मसुदा मागेन आणि आधी बसचे कलम शोधेन. त्याला मुदत किती वर्षांची आहे ते पाहीन. मग हिशेब तपासायला कोण बसणार ते पाहीन. लॉस एंजेलिसवाल्यांनी २००८ च्या करासाठी तीन निवृत्त न्यायाधीश बसवले होते. आणि ज्या वस्तीपर्यंत गाडी दहा वर्षांत पोहोचणार नाही तिच्याकडून त्या दहा वर्षांत किती घेणार, हा आकडा मसुद्यात नसेल तर तो कोरा कागद समजून परत पाठवीन.